कॅनडाला नवऱ्याकडे जाण्यासाठी मुंबईतले दोन कन्सल्टंट, दोन्हीचा अनुभव

पहिल्या ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मग दुसऱ्याचंही लिहीत नाही, पण कोणी काय सांगितलं ते सगळं लिहिते, कारण आमच्यासारखी केस असलेल्या बऱ्याच मुली असणार आणि त्यांच्यापर्यंत हे वेळेत पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आमची केस अशी होती. नवरा टोरंटोला, शिकायला गेलेला, नंतर वर्क परमिटवर नोकरी. एक्सप्रेस एंट्रीतून (पॉइंटवर निवड करणारी कॅनडाची पद्धत) पीआरची, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याची फाइल त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये सबमिट केली तेव्हा सिंगल होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमचं लग्न झालं, इथेच परळला. म्हणजे फाइल चालू आणि मध्येच लग्न. तो तीन आठवड्यांत परत गेला, मी लालबागला सासरी, आणि आता मी तिकडे जायचं कसं हा प्रश्न.

पहिलं ऑफिस अंधेरी स्टेशनजवळचं. मोठं, एसी, भिंतभर झेंडे. तिथल्या सरांनी दहा मिनिटांत सांगितलं, "मॅडम, आत्ता काही कळवू नका, पॉइंट कमी होतील. पीआर हातात येऊ दे, लग्नाचं रजिस्ट्रेशन त्यानंतर करा, मग मिस्टर तुम्हाला स्पॉन्सर करतील." तोपर्यंत व्हिजिटर व्हिसा काढू, त्यात सिंगलच लिहायचं, पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे ते बरंच आहे म्हणाले. पॅकेज दीड लाखाचं, ॲडव्हान्स चाळीस हजार त्याच दिवशी भरले. मी भरले कारण ते इतक्या खात्रीने बोलत होते आणि मला नवऱ्याकडे लवकर जायचं होतं.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. बाबा बेस्टमधून रिटायर झालेत, शांत माणूस, पण त्या दिवशी चिडले. "पाचशे माणसं जेवून गेली आणि हा म्हणतो लग्न झालंच नाही म्हणून सांगायचं?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच ओळखीतून मुलुंडच्या मॅडमचा नंबर आणला.

मुलुंडचं ऑफिस म्हणजे एक खोली. एका तासाचे आठ हजार घेतात, आधी जास्त वाटले. पण पहिला प्रश्नच वेगळा होता, फाइल सबमिट झाल्याची तारीख काय आणि लग्नाची काय? मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पीआर मिळायच्या आधी लग्न झालं असेल आणि ते कळवलं नसेल, त्यांच्याकडून बायकोची तपासणी झाली नसेल, तर पुढे फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे कुटुंबाला बोलावून घ्यायच्या गटात, त्याच बायकोला स्पॉन्सर करता येत नाही, त्यांच्या नियमात ११७(९)(डी) म्हणून कलमच आहे. आणि खोटी माहिती दिली असं ठरलं तर पाच वर्षं बंदी. म्हणजे अंधेरीच्या सरांचं ऐकलं असतं तर ज्या स्पॉन्सरशिपच्या भरवशावर गप्प बसायचं होतं तीच गेली असती!! पॉइंटचं म्हणाल तर ते अर्ज करायचं इन्व्हिटेशन आलं तेव्हाचे आणि फाइल पोचली तेव्हाचे बघतात, लग्न त्यानंतरचं होतं, त्यामुळे तिथे काही बिघडणार नव्हतं.

मग सगळे रस्ते मांडले. एक, चालू फाइलमध्येच मला जोडायचं, त्यांच्या साइटवरच्या वेबफॉर्मने कळवून. दोन, मला नॉन अकंपनीइंग, म्हणजे आत्ता बरोबर न येणारी, दाखवायचं आणि त्याचा पीआर झाल्यावर स्पॉन्सर करायचं, पण तरी माझं मेडिकल आत्ताच व्हायला हवं. नवरा-बायकोच्या स्पॉन्सरशिपला सहसा ठरावीक उत्पन्नाची अट नसते, फक्त तीन वर्षांची हमी द्यावी लागते आणि स्पॉन्सर करणारा पीआरवाला असेल तर स्पॉन्सरशिपचा निकाल लागेपर्यंत तो कॅनडातच राहत असायला हवा. तीन, स्पाउस ओपन वर्क परमिट, म्हणजे जोडीदाराला तिथे नोकरी करता येते तो परवाना, पण २१ जानेवारी २०२५ पासून तो ठरावीक कामं करणाऱ्यांच्याच जोडीदाराला मिळतो आणि परमिटचे निदान १६ महिने शिल्लक लागतात, नवऱ्याचे तेवढे उरले नव्हते, तो विषय तिथेच संपला. चार, व्हिजिटर व्हिसा, मॅरिड असं खरं लिहून, पण त्यावर काम करता येत नाही. माझ्या बहिणीचा साखरपुडा झालाय म्हणून तेही विचारून घेतलं, अमेरिकेत के-वन असतो तसा होणाऱ्या बायकोसाठीचा व्हिसा कॅनडात नाही.

आम्ही पहिला रस्ता घेतला. मॅडम म्हणाल्या आधी मॅरेज सर्टिफिकेट, बाकी सगळं नंतर. परळच्या वॉर्ड ऑफिसला गेलो, तीन साक्षीदार, लग्नाची पत्रिका, फोटो, आणि फॉर्मवर भटजींची सही, ते गावाला गेलेले म्हणून त्यासाठीच आठ दिवस गेले. नवरा यासाठी पुन्हा चार दिवसांची सुट्टी काढून आला. लग्नानंतर लगेच, तो इथे असतानाच हे करून टाकलं असतं तर तिकिटाचे पैसे वाचले असते.

नाती खरी आहेत हे दाखवायचे कागद मॅडमनी स्वतः बसून निवडले. आमचं प्री-वेडिंग शूट बाजूला ठेवलं आणि मोबाइलवरचे साधे फोटो घेतले, हळदीचा, सासूबाई ओटी भरतायत तो, आजी मधे बसलीय आणि आम्ही दोघं तिच्या पायाशी तो. प्रत्येकाखाली तारीख, जागा, कोण कोणाचं कोण. व्हॉट्सॲप चॅट मराठीत असल्यामुळे इंग्रजी भाषांतर लागलं आणि ते घरच्यांनी केलेलं चालत नाही, भाषांतरकाराचं ॲफिडेव्हिट लागतं. "जेवलास का", "बर्फ पडतोय का", "आईचा बीपी बघितला का", हे असं बारा पानं टाइप होऊन शिक्का मारून आलं, आणि ते वाचताना मला रडू आलं कारण आमचा संसार तेव्हा तेवढाच होता.

मार्चमध्ये वेबफॉर्म टाकला, मग त्यांचं पत्र आलं, कागद आणि माझी फी भरा, ९५० डॉलर प्रोसेसिंग आणि ५७५ पीआरची, तेव्हाच्या दराने. पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, पासपोर्ट सेवा केंद्रातून, मेडिकल त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच, आपला फॅमिली डॉक्टर चालत नाही. नवऱ्याचा पीआर यामुळे चार-पाच महिने लांबला हे खरं, आणि त्या काळात घरात ताण होता. ऑक्टोबरमध्ये पासपोर्ट मागवल्याचं पत्र आलं. त्यातही एक गोष्ट, मी त्याच्याआधी लँड होऊ शकत नाही, आधी त्याचा पीआर कन्फर्म आणि मग माझं तिकीट, त्यामुळे डिसकाउंट दिसला म्हणून घाईने बुकिंग करू नका.

अंधेरीच्या ऑफिसने चाळीस हजारांतला एक रुपया परत दिला नाही, पावतीवर नॉन रिफंडेबल लिहिलेलं होतं. आता कळतंय की त्यांनी रिप्रेझेंटेटिव्हचा फॉर्म, आयएमएम ५४७६, कधी पुढे केलाच नाही. पैसे घेऊन कॅनडाची केस चालवायची तर तिथला वकील किंवा तिथल्या कॉलेजचा (म्हणजे कन्सल्टंटना लायसन्स देणाऱ्या संस्थेचा) लायसन्सवाला कन्सल्टंट लागतो, त्यांची नावं ऑनलाइन रजिस्टरमध्ये बघता येतात, मी बघितलं, त्या सरांचं नाव नव्हतं. मुलुंडच्या मॅडमनी लायसन्स नंबर पहिल्याच भेटीत लिहून दिला होता. अंधेरीला एक स्टार, तोही द्यावाच लागतो म्हणून.

मुलुंडला पाच. फोन उचलत नाहीत, ईमेलला दोन दिवसांनी उत्तर येतं, बसायला दोनच खुर्च्या आहेत म्हणून सासू-सासऱ्यांना सगळ्यांना घेऊन जाऊ नका. शनिवारची अपॉइंटमेंट महिनाभर मिळत नाही, मधल्या वारी दुपारी मिळते. आणि जाताना त्या दोन तारखा कागदावर लिहून न्या, फाइलची आणि लग्नाची, पहिल्यांदा तेच विचारतात.