सहलीसाठी पैसे साठवायचे: भिशी की आरडी?

दिवाळीच्या सुट्टीत चौघांनी केरळला जायचं, तर वर्षभर आधीपासून महिना २००० रुपये बाजूला पडायला हवेत. आमच्या घरी दोन्ही वाटा वापरून झाल्या आहेत.

भिशीत बारा जणी, प्रत्येकीचे महिना २०००, म्हणजे दर महिन्याला जिची चिठ्ठी निघेल तिला २४,००० एकरकमी. स्टीलच्या डब्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, सगळ्यात धाकट्या पोराने एक उचलायची, मग चहा-पोहे. खरी ताकद मात्र बायकांच्या शब्दाची: आपला हप्ता चुकला तर दुसरीची सहल अडते, म्हणून कुणी चुकवत नाही. पण व्याज शून्य. चिठ्ठी जानेवारीत लागली, तर दिवाळीपर्यंत ती रक्कम घरात टिकत नाही. आमची एकदा फ्रिजमध्ये गेली, दुसऱ्यांदा शाळेच्या फीमध्ये. आणि कुणी पैसे बुडवले तर दाद मागणं फार अवघड.

बँकेच्या आरडीत, म्हणजे दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायच्या आवर्ती ठेवीत, पगाराच्या दुसऱ्या दिवशी हप्ता आपोआप कापला जातो. साडेसहा टक्के दर धरला तर वर्षाला साधारण साडेआठशे रुपये व्याज, म्हणजे एका दिवसाचं जेवण. ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. पोस्टाची आरडी मात्र ५ वर्षांची, ती या कामाची नाही.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणून आरडी ऑगस्टमध्येच संपेल अशी सुरू करा. सहलीसाठी मी आरडीच निवडते. भिशी मी सोडलेली नाही, पण ती मैत्रिणींसाठी.