आयर्लंडमधील पूर्वजांचा शोध : आधी मृत्युपत्रे पाहावीत की जन्म-मृत्यूच्या नोंदी?

आयर्लंडमधील घराण्याचा माग काढणाऱ्याला 1911 आणि 1901 च्या जनगणनेपर्यंत फारसे अडत नाही. त्याच्या मागे जायचे म्हटले की 30 जून 1922 आड येतो. यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत त्या दिवशी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या संकुलातील सरकारी दप्तरखाना जळाला आणि त्यात मूळ मृत्युपत्रांपैकी बहुतेक सारी गेली. हे ऐकून अनेक जण मृत्युपत्रांची वाट सोडूनच देतात आणि 1864 पासूनच्या जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदींकडे वळतात. माझ्या सुनेचे माहेर कॉर्क काउंटीच्या पश्चिमेस, बॅन्ट्रीच्या परिसरातले. नातवासाठी तिच्याकडची वंशावळ जुळवताना मी दोन्ही वाटांनी गेलो. माझे मत त्या एका घराण्यापुरते आहे, हे आधीच नमूद करतो.

सरकारी नोंदींची बाजू भक्कम आहे. श्रीमंत असो वा मजूर, कायद्याने प्रत्येकाची नोंद व्हायची. जन्माच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव मिळते आणि विवाहाच्या नोंदीत वर-वधू दोघांच्याही वडिलांची नावे व व्यवसाय मिळतात. जन्माची नोंद 100, विवाहाची 75 आणि मृत्यूची 50 वर्षांनंतर खुली होते आणि मूळ पानाचे चित्र घरबसल्या, विनामूल्य पाहता येते. उशिरा नोंदवल्यास दंड होत असल्याने पालक कधी कधी जन्मतारीख पुढे सरकवून सांगत, पण चार-दोन आठवड्यांच्या फरकाने वंशावळ बिघडत नाही.

मला अडवले ते मृत्यूच्या नोंदीने. आयर्लंडमधील त्या काळच्या मृत्यूच्या नोंदीत आई-वडिलांचे नाव नसते आणि विवाहित पुरुषाच्या पत्नीचेही नसते. नाव, ठिकाण, विधुर की विवाहित, अंदाजे वय, व्यवसाय, मृत्यूचे कारण आणि खबर देणाऱ्याची सही एवढ्यावर नोंद संपते. खबर देणाऱ्यापुढेही पुष्कळदा ‘मृत्यूसमयी हजर’ इतकेच लिहिलेले असते, मग तो मुलगा होता की शेजारी, हे कळायला मार्ग नाही. त्यात त्या भागात सलिव्हन आडनावाची घरे दाट. शिवाय थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची प्रथा असल्यामुळे एकाच आजोबांचे तीन-चार नातू एकाच नावाचे, जवळजवळ एकाच वयाचे आणि सगळेच शेतकरी. आमचा डॅनियल सलिव्हन यांतला कोणता, हे नुसत्या नोंदींवरून मला कितीही प्रयत्न करून ठरवता आले नाही. वये साठ, सत्तर अशी ठोकळ लिहिलेली असल्यामुळे उलट मोजणीही उपयोगी पडली नाही.

ही गाठ सुटली ती मृत्युपत्रांच्या छापील वार्षिक सूचीने. 1858 मध्ये मृत्युपत्रांचे काम चर्चच्या न्यायालयांकडून डब्लिनची मुख्य कचेरी आणि 11 जिल्हा कचेऱ्या यांच्याकडे आले आणि तेव्हापासून दरवर्षी ही सूची छापली जाऊ लागली. छापील असल्यामुळे ती आगीतून वाचली. मृताचा व्यवसाय, टाउनलँड (म्हणजे आयर्लंडमधील जमिनीचा सर्वांत लहान विभाग), मृत्यूची तारीख, मालमत्तेची किंमत आणि ती कोणाच्या हाती सोपवली, हे सारे तीत असते, आणि सोपवलेली व्यक्ती विधवा, मुलगा की भाऊ हेही पुष्कळदा लिहिलेले असते. मृत्युपत्र न करता गेलेल्यांची नोंदही, मालमत्तेसाठी कोणी अर्ज केला असल्यास, तिथेच सापडते. एका ओळीतल्या ‘विधवा’ या शब्दाने आमचा डॅनियल इतरांपासून वेगळा झाला, कारण त्या विधवेचे नाव विवाहाच्या नोंदीशी जुळले.

त्याहून मोठा लाभ जिल्हा कचेऱ्यांच्या वह्यांचा. तिथे मृत्युपत्राची नक्कल उतरवून घेत असत आणि या वह्यांपैकी बऱ्याच टिकल्या आहेत. डब्लिनच्या मुख्य कचेरीच्या वह्या मात्र बहुतेक गेल्या. आम्हाला मिळालेल्या नकलेत पत्नीला पश्चिमेकडची खोली आणि एका गाईच्या चराईचा हक्क होता, विवाहित मुलींची नावे सासरच्या आडनावांसह होती आणि अमेरिकेला गेलेल्या मुलाचाही उल्लेख होता. हे सारे एकत्र करायला नोंदींची किती पाने चाळावी लागली असती, याची कल्पना करवत नाही.

अर्थात, भूमिहीन मजुराच्या मागे काही राहत नसे. त्याच्यासाठी सरकारी नोंदींना पर्याय नाही. विवाहित स्त्रियांची मृत्युपत्रेही, त्यांना स्वतःच्या मालमत्तेचा हक्क देणाऱ्या 1882 च्या कायद्याआधी, क्वचितच मिळतात. 1858 पूर्वीच्या काळासाठी मुख्यतः सूची आणि गोषवारे यांवरच भागवावे लागते, आणि तिथे मीही फार पुढे गेलेलो नाही.

परंतु घराण्याकडे खंडाची का होईना थोडी जमीन होती, असे कळले असेल, तर माझ्या मते सूची आधी उघडावी आणि नोंदी पडताळणीसाठी ठेवाव्यात. शोध मृत्यूच्या वर्षापाशी थांबवू नये; जमिनीचा हक्क सिद्ध करण्याची वेळ येईपर्यंत वारस पुष्कळदा अर्जच करत नसत, म्हणून पुढच्या वीसेक वर्षांच्या सूचीही पाहाव्यात.