आत गेलेली पट्टी बाहेर आलीच नाही

ऑनलाइन टोपल्या मागवून मी फसले. आधी आकडे सांगते, म्हणजे "थोडक्यात सुटलात" असं म्हणायची कुणाला सोय राहणार नाही. १४,८४० रुपये. मग १,८५०. मग २,६७१. एकूण १९,३६१. त्याच्या बदल्यात माझ्या घरात एक प्लॅस्टिकची टोपली आली आहे. तिच्यात मी कांदेसुद्धा ठेवत नाही. ती दिसली की डोकं तापतं, पण पुरावा म्हणून टाकताही येत नाही.

जाहिरात तुमच्यापैकी निम्म्या जणांना दिसली असेल. हातविणीच्या टोपल्या, तीन मापांचा संच: मोठी बाजारहाटाला, मधली कपाटात कपडे-टॉवेल ठेवायला, छोटी टेबलावर किल्ल्या-चष्म्यासाठी. वर जाड दांडा, काठाला वेताची बांधणी. खाली मजकूर: मेळघाटातल्या बायकांनी विणलेल्या, मधला दलाल नाही, प्रत्येक संचामागे एका मुलीची शाळेची फी. एका व्हिडिओत एक म्हातारी ओसरीवर बसून विणत होती. तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसते हात. ते हात बघून मी पाघळले, हे आता लपवून काय उपयोग.

मला टोपलीतलं कळत नाही अशातला भाग नाही, आणि खरी लाज त्याचीच आहे. माझं माहेर बुरूड आळीला लागून. शाळेतून आले की दप्तर टाकून मी समोरच्या ओट्यावर जाऊन बसायची. बांबू चिरताना होणारा तो फाड्-फाड् आवाज, ओल्या बांबूचा वास, कामट्यांचे, म्हणजे बांबू चिरून काढलेल्या पट्ट्यांचे, भारे. सूप, रोवळी, दुरडी, परडी, हारा ही नावं मी पाढ्यांच्या आधी शिकले. एकच कामटी गोल फिरवत विणायचं तर उभ्या कामट्या विषम लागतात, सम झाल्या तर दर फेरीला त्याच कामटीवरून जाते आणि वीण धरतच नाही, हे मला सहाव्या-सातव्या वर्षी ठाऊक होतं. आणि पन्नाशी ओलांडल्यावर मी फसले कशात, तर टोपलीत.

आता तो क्षण. तो मी रोज रात्री उगाळते.

पैसे भरायच्या आधी मी मधल्या टोपलीचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला होता. पुढच्या बाजूला, दांड्यापासून तिसऱ्या उभ्या पट्टीपाशी, एक आडवी पट्टी मागे जाते. पलीकडून ती बाहेर यायला हवी. येत नाही. तिच्या जागी दुसरीच पट्टी सुरू होते, थोड्या वरच्या अंगाला, रंगानं जराशी फिकट. हातानं विणणारा माणूस अशी चूक सहसा करत नाही, कारण पट्टी हवेत संपली तर वीण तिथे सैल पडते. शिवाय बांबूला पेरं असतात आणि ती अगदी सारख्या अंतरावर येत नाहीत. इथे तिन्ही मापांच्या टोपल्यांवर पेराचा काळसर डाग एकाच जागी होता. हे सगळं मला दिसलं. नीट दिसलं. आणि मी मनात म्हटलं, "फोटो दाबून लहान केला असेल, म्हणून तसं दिसतंय." फोटो संगणकानं रचलेला असू शकतो, हे मी दुसऱ्यांना सांगत असते. मुलाला सांगितलंय, जावेला सांगितलंय.

माझी बाजूही ऐका. मी स्वतःपुरतं घेत असते तर दोन दिवस विचार केला असता. पण दिवाळी तीन आठवड्यांवर होती आणि भिशीतल्या बायकांना मी फोटो दाखवून बसले होते. "फराळ ह्यातून द्यायचा, डबे-पिशव्या बंद" असा सगळ्यांनी उत्साहानं ठराव केला. एका संचाला १,४९९, अकरा संचांचे १६,४८९, एकत्र घेतल्यास दहा टक्के सूट, म्हणजे १४,८४०. सूट फक्त रात्री बारापर्यंत. अकरातले तीन माझे, आठ त्यांचे. आठ जणींकडून मी १,३५० प्रमाणे १०,८०० गोळा केले होते. ज्या रात्री पैसे भरले, त्या रात्री मी स्वतःला फार मोठी समाजसेविका समजत झोपले.

आणि हेही लिहून टाकते. त्याच आठवड्यात मंडईबाहेर बसणाऱ्या बुरूडमामांकडे मी एका दुरडीवरून घासाघीस केली होती. ते ३५० म्हणाले, मी ३०० वर अडून बसले, शेवटी ३०० लाच आणली. त्यांच्याकडून पन्नास रुपये वाचवले आणि पडद्यावरच्या म्हातारीला एक रुपया कमी करायला सांगितला नाही.

पैसे भरताना पडद्यावर नाव आलं ते एका मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं. टोपल्यांचा त्याच्याशी काय संबंध? मी विचारलं. उत्तर आलं, "ताई, गटाचं खातं अजून उघडायचंय, हे आमच्या भाच्याचं." ताई! ह्या एका शब्दावर माझे १४,८४० गेले. पडद्यावर येणारं नाव आणि विकणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. पुढे कितीही गोड बोलू देत.

आठ दिवसांनी फोन. माल निघालाय, पण वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, त्याचे १,८५०, माल पोचला की परत. कानाला खरं वाटलं, कारण बांबू, जंगल, वनखातं ही साखळी जुळते. नंतर वाचून कळलं की २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. शेतातला, खासगी जमिनीवरचा बांबू तोडायला-न्यायला परवाना लागू नये, हाच तर त्या दुरुस्तीचा हेतू. विणून तयार झालेल्या टोपलीला कसला परवाना! तसा बांबू मुळात गवताच्या कुळातला, आणि ह्यांच्या जाहिरातीत लिहिलेलं "अस्सल बांबूचं लाकूड". तिथेही मी वाचलं आणि पुढे गेले.

त्यानंतर पाच दिवसांनी जीएसटी. अठरा टक्क्यांनी २,६७१, "नाहीतर माल नाक्यावर अडकेल." सोबत बिलसुद्धा पाठवलं, शिक्क्यासकट. मुलानं नंतर त्यावरचा जीएसटी क्रमांक मोजला. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७. माझ्या बिलावर चौदाच अक्षरं. सरकारच्या जीएसटी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं, अर्ध्या मिनिटाचं काम. मी ते अर्धं मिनिट दिलं नाही. त्याऐवजी तिसऱ्यांदा पिन टाकला, कारण आता थांबले तर आधीचे बुडतील असं वाटलं. ह्या धंद्याचं अर्धं भांडवल हेच आहे, एवढं मला आता कळलंय.

एकविसाव्या दिवशी पार्सल आलं. अकरा संचांचं पार्सल म्हणजे खोकं किती मोठं हवं, आणि कुरिअरवाल्यानं ते काखेत धरून आणलं होतं. आत घडी घातलेली एकच टोपली. पट्ट्यांवर लाकडाचा रंग छापलेला. खऱ्या कामटीला एका अंगाला बांबूची गुळगुळीत, टणक पाठ असते आणि दुसऱ्या अंगाला फिकट, तंतूंचं पोट. ही दोन्हीकडून सारखी. काडी ओढून एका टोकाला लावली. जळाली नाही, वितळली, काळा थेंब फरशीवर पडला. तो डाग अजून निघालेला नाही.

ही एक टोपली त्यांनी का पाठवली, हे मला तेव्हा कळलं नाही. काहीच न पाठवता पळता आलं असतं की. नंतर तक्रारीच्या खेपा घालताना कळलं. कुरिअरच्या नोंदीत "माल पोचला" असं आलं आणि त्यावर माझी सही. त्या सहीनं पुढे माझं जेवढं नुकसान केलं तेवढं पिननंही केलं नाही. पार्सल संशयास्पद वाटलं तर सही करण्याआधी दारातच व्हिडिओ चालू करा. मग भलेही कुरिअरवाला तोंड वाकडं करो.

१९३० ह्या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला फोन लावला, राष्ट्रीय सायबर संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, पोच क्रमांक मिळाला. पण १९३० कामाचा असतो तो पैसे गेल्या गेल्या, रक्कम पुढच्या खात्यांत वाहून जायच्या आत. मी पोचले पार्सल बघून झाल्यावर, म्हणजे पहिली रक्कम जाऊन तीन आठवडे उलटल्यावर. मी फसलेय हे मला कळणार कसं होतं आधी? मी तर टोपल्यांची वाट बघत होते!

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी भेटले. सगळं ऐकून घेतलं, मग शेजारच्याकडे बघून म्हणाले, "टोपल्यांसाठी एकोणीस हजार?" दोघंही हसले. मी अडतीस पानांचे छापील पुरावे नेले होते, त्यांच्या छपाईचे ११४ रुपये वेगळेच. त्यातलं एक पान उलटलं आणि निवाडा झाला: "मॅडम, माल मिळालाय ना? सही तुमचीच ना? मग हा ग्राहक वाद, आमच्याकडे येत नाही." मी म्हटलं, अहो, चारशेवीस जाऊन आता नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आलंय ना फसवणुकीला, ते लावा. त्यावर त्यांचा चेहरा असा झाला की जणू मीच गुन्हा केलाय. अर्ज ठेवून घेतला, शिक्का मारून प्रत दिली. गुन्हा नोंदवला नाही. तिसऱ्या खेपेला अर्ज ज्यांच्या टेबलावर होता त्यांची बदली झालेली. चौथ्या खेपेला अर्जच सापडेना, माझ्याकडच्या प्रतीची झेरॉक्स काढून मीच दिली. पाचव्या खेपेला "तुम्ही फोन करून यायचं ना" आणि फोन केला तर कुणी उचलत नाही. सहाव्या खेपेनंतर आमच्या ह्यांनी हात जोडले, "सोड आता, गुडघे जातील."

बँकेचा किस्सा छोटा आहे. "पिन तुम्हीच टाकलाय." रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे ना, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, असं मी म्हटलं. उत्तर आलं, तो नियम ग्राहकाला न विचारता झालेल्या व्यवहाराला, आणि ते बरोबरच आहे. पण ज्या खात्यात पैसे गेले ते उघडताना कुणी कागद तपासले होते का, हे विचारल्यावर काचेपलीकडची मुलगी म्हणाली, "ती दुसरी बँक आहे." त्या दुसऱ्या बँकेनं सांगितलं, "तुम्ही आमचे ग्राहक नाही."

आणि ज्या अ‍ॅपवर ती जाहिरात पैसे घेऊन मला दाखवली गेली, त्यांचं उत्तर चार मिनिटांत आलं: आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. चार मिनिटांत! माणसानं वाचलं असेल का तरी?

राहिला ग्राहक आयोग. पोलीस म्हणतात तिकडे जा, म्हणून गेले. नियम चांगले आहेत, खोटं नाही बोलणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं. पण अर्जात दुसरा रकाना: विरुद्ध पक्षाचं नाव व पत्ता. कुणाचं लिहू? भाच्याचं? मेळघाटच्या म्हातारीचं? पार्सलवर परराज्यातल्या एका गोदामाचा अर्धा पत्ता, तिथे पाठवलेलं रजिस्टर पत्र "असा इसम नाही" म्हणून परत आलं. पत्ता शोधून द्यायला पोलीस हवेत, आणि पोलीस म्हणतात हा ग्राहक वाद. ह्या वर्तुळात मी अडीच महिने फिरले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्यानं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दाखवायला हवं. तेव्हा वस्तू घेण्याआधीच हा रकाना भरता येतोय का बघा. नाव-पत्ता सापडत नसेल तर पुढे भांडायला समोर माणूसच नसतो.

मध्येच एकदा "परतावा विभागा"चाही फोन येऊन गेला. हा कोड स्कॅन करा, पिन टाका, १९,३६१ जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही एवढी अक्कल तोवर आली होती. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. बरं वाटलं, पाच मिनिटं.

भिशीतल्या आठ जणींचे १०,८०० मी माझ्या मुदतठेवीतून परत द्यायला काढले. सहा जणींनी "अगं, राहू दे" म्हणत घेतले, एकीनं खरंच घेतले नाहीत. आणि एकीनं मोजून घेतले, मग म्हणाली, "मला तेव्हाच शंका आली होती." तेव्हाच बोलली असतीस तर, बाई!

परवा तो फोटो घेऊन बुरूडमामांकडे गेले. दुसरं कारण सांगितलं, मुलीला अशी टोपली हवीय म्हणून. त्यांनी मोबाईल लांब धरला, डोळे बारीक केले आणि तिसऱ्या पट्टीवर नख टेकवून विचारलं, "ताई, ही आत गेली ती बाहेर कुठं आली?" मग म्हणाले, असल्या तीन मापांना माझे चार दिवस जातील, दोन हजार पडतील. मी घासाघीस केली नाही. ५०० आगाऊ दिले, त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं.

काल जावेनं मला एक जाहिरात पाठवली. पानाचं नाव वेगळं, मेळघाटाच्या जागी आता कोकण, किंमत १,२९९. फोटो तोच. मी खाली लिहिलं की हे चोर आहेत, तिसरी पट्टी बघा. दहा मिनिटांत माझं लिहिणं काढून टाकलं आणि मला ते पान दिसायचं बंद झालं. जावेला अजून दिसतंय.