फोटोतले ते पिवळे घर माझे आहे

गेल्या महिन्यात वाळपईजवळच्या एका गावातून एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांच्या मावसबहिणीने माझा नंबर दिला होता. म्हणाल्या, "बाई, तुमच्या घराचे काम ज्याने केले त्यालाच आम्ही काम देतोय. त्याने तुमच्या घराचा फोटो दाखवला. फार छान दिसते हो. रंग टिकला ना?"

मला काही क्षण बोलता येईना. तो फोटो मे महिन्याच्या शेवटच्या दिवसांत, काम संपले त्या संध्याकाळी, त्याने आमच्या अंगणात उभे राहून काढला होता. पिवळी भिंत, खिडक्यांभोवती तांबडी नक्षी, डावीकडे तुळशीवृंदावन आणि बलकांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बसलेल्या माझ्या सासूबाई. फोटो खरा आहे. पण तो पाऊस पडण्याआधीचा आहे. त्या फोटोवर विसंबून आणखी कुणी पैसे देऊ नयेत म्हणून झाले ते सगळे लिहिते आहे.

आमचे घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. सासऱ्यांनी १९६४ साली, गोवा मुक्तीनंतर तीन वर्षांनी बांधले. चिऱ्याच्या भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौले, पुढे छोटा बलकांव आणि दोन बाजूंना सोपे, म्हणजे बसायचे बांधीव कट्टे. यापलीकडे मिरवण्यासारखे काही नाही. शिंपल्यांच्या खिडक्या नाहीत, कोरीव खांब नाहीत. शिक्षिकेच्या पगारात आणि यजमानांच्या पगारात घर सांभाळले, सजवले कधी नाही. हे जाऊन सहा वर्षे झाली. दरम्यान रस्ता रुंद झाला, शेजारी दोन नवे बंगले उठले आणि त्यांच्यामध्ये आमचे घर मला एकदम उघडेबोडके दिसू लागले. त्यात मुलीचे लग्न ठरले. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की मुलाकडची माणसे घरी यायची होती. सासूबाई म्हणत होत्या, "चुना लाव, दारांना तेल दे, पुरे झाले." मला ते पुरेसे वाटले नाही. माझ्या मनातला हा संकोचच त्या माणसाने आधी हेरला, घर नंतर पाहिले.

तो एप्रिलच्या शेवटी आला. मी बुधवारच्या बाजारातून नुकतीच परतले होते. गेटपाशी उभा राहून म्हणाला, "बाई, ओळखले नाहीत? माझी बहीण तुमच्या हाताखाली शिकली." त्याने सांगितलेले नाव मला आठवेना. बत्तीस वर्षांत किती मुले हाताखालून गेली! आठवत नाही म्हणायची लाज वाटली आणि मी त्याला बलकांवात बसवून चहा दिला. आता वाटते, तेव्हाच विचारायला हवे होते, कुठल्या साली, कुठल्या शाळेत?

मोबाइलवर त्याने वीसेक घरांचे फोटो दाखवले. आधीचे आणि नंतरचे. मग भिंतीवर बोटाने ठोकले. एके ठिकाणी थोडी पूड पडली. म्हणाला, "चुना मेला आहे. हा सगळा काढावा लागेल. नाहीतर कितीही महाग रंग लावा, पकडणार नाही." ते वाक्य मी खरे मानले. आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते की हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकले तर त्याला तिथेच थांबवा.

त्याचे म्हणणे असे: पुढची भिंत, दोन बाजू आणि रस्त्याकडचे कुंपण, सगळ्याला नवा सिमेंटचा गिलावा, पुट्टी, वॉटरप्रूफ रंग. दर चौरस फुटाला ८५ रुपये, सामानासकट. दहा वर्षांची गॅरंटी. वर खिडक्यांभोवती कावीची नक्षी 'आपल्या बाईंसाठी' फुकट. मापे घेताना तो आकडे ओरडत होता आणि त्याचा पोरगा वहीत लिहीत होता. मी आत फणस कापत होते. बेरीज निघाली २३४० चौरस फूट, म्हणजे १,९८,९०० रुपये. माझी मर्यादा दोन लाखांची होती आणि ती बोलता बोलता मीच त्याला सांगून टाकली होती. हिशेब तिच्या अगदी उंबऱ्यापाशी येऊन थांबला, तरी मला शंका आली नाही.

टेप पुढे भावाने आणि मी मिळून धरली, जुलैत. पुढची भिंत ४४ बाय १०, म्हणजे ४४०. दोन बाजू प्रत्येकी ३२ बाय १०, म्हणजे ६४०. कुंपण ६० फूट लांब, ४ फूट उंच, दोन्ही अंगे धरून ४८०. एकूण १५६०, तेही दारे-खिडक्या वजा न करता. त्याने बरोबर दीडपट लिहिले होते. खऱ्या मापाने, त्याच्याच दराने, बिल १,३२,६०० होते.

त्याने आगाऊ १,२०,००० मागितले, रोख. 'पावसाआधी सामान उचलायला हवे, जूनमध्ये कुणी हात लावणार नाही.' हे म्हणणे खोटे नव्हते. गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो आणि बाहेरचे काम त्याआधीच उरकावे लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर एप्रिल-मे हा अशा माणसांचा हंगाम. विचार करायला वेळ मिळू नये असाच तो मुहूर्त असतो. मी ठेव मोडली. मिळालेल्या पावतीवर शिक्का होता, जीएसटी नंबरही होता. तो नंबर २९ ने सुरू होत होता. गोव्यात नोंदलेला जीएसटी नंबर ३० ने सुरू होतो, २९ कर्नाटकाचा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की व्यवसायाचे नाव फुकट कळते. तिथे हा नंबर कुणाच्याच नावावर निघाला नाही. दोन मिनिटांचे काम होते, मी पैसे गेल्यावर केले.

आता भिंतीचे सांगते, कारण पैशापेक्षा माझे खरे नुकसान तिथे झाले.

चार माणसे आली आणि दोन दिवसांत साठ वर्षांचा गिलावा छिन्नी-हातोड्याने पाडला. पूड पडली होती ती फक्त खालच्या फूटभरात. वरचा गिलावा इतका घट्ट होता की छिन्नी उसळत होती. ते पाहून तरी मी थांबवायला हवे होते. सासूबाई आतून बाहेर आल्या, पडलेला एक तुकडा हातात घेऊन म्हणाल्या, "हा मेलेला आहे?" मी त्यांना आत नेऊन बसवले.

चिरा हा सच्छिद्र दगड. आमच्याकडच्या पावसात तो खालून जमिनीची ओल ओढतो आणि वरून पागोळ्यांचे पाणी पितो. चुन्याचा गिलावा ते पाणी अडवून धरत नाही, ऊन पडले की हळूहळू बाहेर सोडतो. म्हणून जुन्या घरांच्या भिंती पावसाळ्यात ओल्या होतात आणि दिवाळीपर्यंत पुन्हा कोरड्या. त्यावर सिमेंट, पुट्टी आणि प्लॅस्टिकसारखा रंग चढवला की पाण्याची वाट बंद होते. ते आत कोंडते, क्षार घेऊन वर सरकते आणि जिथे फट मिळेल तिथे गिलावा फोडून बाहेर येते. हे मला नंतर आमच्या गावच्या म्हाताऱ्या गवंड्याने भिंतीवर तळवा टेकवून समजावले. तो आमच्यापासून चार घरे सोडून राहतो. त्याला आधी विचारले नाही याचे मला अजून वाईट वाटते.

वाळू आली तीही पांढुरकी, शिंपल्यांचे बारीक कण असलेली. गवंड्याने उरलेल्या ढिगातली चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकला. खारट. समुद्रकाठची वाळू, न धुतलेली. तिच्यातले मीठ भिंतीला आयुष्यभर लोणा लावत राहणार. सिमेंटच्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते, यांनी एक दिवस मारले. रंग लावण्याआधी असा गिलावा जवळपास महिनाभर सुकू द्यावा, यांनी चौथ्या दिवशी पुट्टी ओढली. रंगाची नामांकित कंपनीची २० लिटरची बादली मला दाखवली, पण तिचे झाकण आधीच उघडलेले होते. बाहेरच्या चांगल्या रंगाचे एक लिटर दोन हातांना साधारण ५०-६० चौरस फूट पुरते, म्हणजे आमच्या भिंतींना सव्वीस लिटर तरी हवा होता. यांची एकच बादली सबंध घराला पुरून उरली, कारण आत पाणी घातलेला, आतल्या खोल्यांना लावतात तसला स्वस्त डिस्टेंपर होता.

आणि कावी! याबद्दल मला पैशाइतकाच राग आहे. आमच्याच तालुक्यात अडवलपालच्या शांतादुर्गेच्या देवळात जुनी कावी आहे. मी मुलांना घेऊन ती दाखवायला गेले आहे. चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून नक्षी उमटवतात. खालचा पांढरा चुना वर येतो. यांनी कापलेला पुठ्ठा भिंतीला लावून तांबडा तेलरंग फासला. एका दुपारीत आठ खिडक्या. मला ते दिसत होते, कळतही होते. पण फुकट दिले आहे, बोलायचे कसे, म्हणून गप्प बसले.

मधेच 'रंग आणायचा आहे' म्हणून त्याने आणखी ५०,००० घेतले. ते मी मोबाइलवरून पाठवले. खाते भलत्याच नावाचे होते. विचारले तर 'भावाचे' म्हणाला. आज माझ्याकडे धड पुरावा आहे तो एवढ्याच रकमेचा.

काम संपल्यावर राहिलेले २८,९०० घ्यायला तो आलाच नाही. मीच दोनदा फोन केला. म्हणाला, "राहू द्या बाई, पाऊस बघा, मग द्या." मला त्याचा मोठेपणा वाटला. मी चार जणींना सांगितले, असा प्रामाणिक माणूस मिळत नाही. खरा हिशेब १,३२,६०० चा आणि त्याच्या हातात १,७०,००० पडले होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बलकांवाच्या बाजूला ताटलीएवढा फुगवटा आला. बोट लावले तर आतून पाणी वाहिले. महिनाअखेरपर्यंत खालचे तीन फूट पोपडे सुटून चिरा दिसू लागला, वर पांढऱ्या मिठाचे ओघळ. दहा वर्षांच्या गॅरंटीचा कागद माझ्याकडे आहे. त्यावरचा फोन लागत नाही.

त्याने दाखवलेल्या फोटोंतले एक घर मला बार्देशात, हळदोण्याकडे जाताना दिसले. मी गाडी थांबवून आत गेले. घरमालकांनी या माणसाचे नावही ऐकले नव्हते. त्यांचे घर त्यांच्या गावच्या रंगाऱ्याने रंगवलेले. रस्त्यावरून कुणीही फोटो काढू शकतो. फोटोतल्या घरी स्वतः जा, मालकाशी बोला, आणि शक्यतो एक पावसाळा गेल्यावर जा.

पोलिसांत अर्ज दिला आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला, त्यांनी नीट वाट दाखवली. उत्तर गोव्याचा ग्राहक आयोग पर्वरीला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. माझी तक्रार दाखल झाली आहे. फोटो, पावत्या, मोबाइलवरचे संदेश, सगळे जपून ठेवा. मी पावतीच्या मागे दुधाचा हिशेब लिहिला होता, तो तसाच जोडावा लागला.

मुलाकडची माणसे चवथीनंतर आली. त्याआधी गवंड्याने खालचे सुटलेले सिमेंट काढून भिंत उघडी ठेवली होती. सुकेपर्यंत हात लावायचा नाही, असे त्याचे सांगणे. मग आम्ही बाकीचे केले. भिंतीला टेकलेला मातीचा ढीग उपसून पाणी वाहायला उतार दिला, कौलांवरचे शेवाळे ब्रशने घासले, फुटकी अकरा कौले बदलली, दारे-खिडक्या घासून त्यांना तेल दिले, गेट रंगवले, वृंदावनाला चुना लावला. चुना दोन दिवस भिजवून, गाळून, त्यात डिंक आणि थोडी नीळ घातली. मजुरीसकट १४,००० च्या आत झाले. माणसे आली, बलकांवात बसली, सोलकढी प्यायली. भिंतीकडे कुणी पाहिलेदेखील नाही.

वाळपईच्या त्या बाईंना मी फोनवर एवढेच म्हटले की उद्या घरी या. त्या नवऱ्याला घेऊन आल्या. मी त्यांना बाजूच्या भिंतीपाशी नेले आणि बोटाने दाबायला सांगितले. तळहाताएवढा पापुद्रा त्यांच्या हातात आला. त्यांनी तिथूनच, आमच्या अंगणातून, त्या माणसाला फोन लावला आणि येऊ नकोस म्हणून सांगितले. आगाऊ पैसे दुसऱ्या दिवशी द्यायचे ठरले होते. त्यांच्या घराचा चुन्याचा गिलावा अजून शाबूत आहे.