तलावपोच बोटुकली सेवा: मोजणी चोख, जातींचं प्रमाण मात्र काठावरच तपासा

सोलापूर जिल्ह्यातल्या मच्छीमार सोसायट्यांना आणि तलाव ठेक्याने घेतलेल्यांना बोटुकली (तलावात वाढवायला सोडायची माशांची बोटभर पिल्लं) थेट काठावर आणून देणाऱ्या एका खाजगी पुरवठादाराच्या सेवेचं हे परीक्षण. नाव देत नाही, कारण इथे लिहिलेल्या कसोट्या कोणत्याही पुरवठादाराला लावता येतात आणि लावायलाच हव्यात. थोडक्यात मत असं: वाहतूक उत्तम, मोजणी प्रामाणिक, जातींचं प्रमाण ढिलं आणि माल पाठवायचा हंगाम चुकीचा. पाचपैकी साडेतीन.

पुरवठादार तीन मापांत माल देतो. 20 ते 25 मिलिमीटरचं मत्स्यबीज, 25 ते 50 मिलिमीटरची अर्धबोटुकली आणि 80 ते 100 मिलिमीटरची बोटुकली. दर हजारी, म्हणून बहुतेक सोसायट्या सर्वांत लहान माप घेतात. कागदावर संचयनाचा (तलावात मासे सोडण्याचा) आकडा मोठा दिसतो आणि खर्च कमी. नुकसान इथूनच सुरू होतं. आपल्या तलावांत मरळ आहे, वाम आहे, शिवडा आहे. बोटाच्या पेराएवढं बीज त्यांना आयतं खाद्य. समजा, लहान बीज शंभरात दहा जगलं आणि मोठी बोटुकली शंभरात चाळीस. तर एक लाख लहान बिजातून जेवढे मासे हाती येतील, तेवढेच पंचवीस हजार बोटुकलीतून येतील. मोठी बोटुकली चौपट महाग पडली तरी हिशेब बरोबरीत सुटतो, त्याहून स्वस्त मिळाली तर फायदाच. या पुरवठादाराकडे घेण्यासारखं माप तेच आहे. लहान बीज घ्यायचं असेल तर आधी संवर्धन तळ्यात किंवा तलावातच जाळीच्या कुंपणात दोन-अडीच महिने वाढवायची सोय हवी. ती नसेल तर घेऊच नका.

आता वाहतूक, कारण ही सेवेची सर्वांत जमेची बाजू. गाडी भरण्याआधी माल किमान 24 तास उपाशी ठेवलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे: पिशवीतलं पाणी नितळ आणि तळाशी विष्ठेचे धागे नाहीत. पोट भरलेली बोटुकली वाटेत विष्ठा टाकते, त्याचा अमोनिया होतो आणि माल काठावर पोचेपर्यंत अर्धमेला होतो. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन, पिशवी दुहेरी, बाहेरून गोणपाट. अठरा लिटरच्या पिशवीत 50 मिलिमीटरची अर्धबोटुकली अडीचशेच्या आसपास. बारा तासांच्या आतल्या प्रवासाला हे ठीक. याहून दाट भरलेली पिशवी परत पाठवा. मोठी बोटुकली पिकअपवरच्या हजार लिटरच्या टाकीतून येते, सोबत ऑक्सिजनचं सिलिंडर आणि बारीक बुडबुड्यांचे दगड. एका टाकीत पाच हजारांपर्यंत, म्हणजे साधारण चाळीस किलो मासा. चार-पाच तासांच्या रस्त्याला एवढी गर्दी सोसते. सिलिंडरचा काटा मात्र निघतानाच बघायला सांगा. सिलिंडर रस्त्यात संपलं तर टाकीतला माल तासभरही तग धरत नाही.

गाडी रात्री निघते आणि पहाटे पोचते, हे चांगलं. पण चालक पहाटेच माल सोडून मोकळा व्हायची घाई करतो, तिथे त्याला थांबवा. हिप्परग्यासारख्या, शहराजवळच्या आणि शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही तोच वापरत असतं. आधीच थकलेली बोटुकली अशा पाण्यात टाकणं घातक. ऊन पडल्यावर तास-दीड तासाने, म्हणजे आठच्या सुमारास सोडा. दुपारी मात्र अजिबात नको. काठाजवळचं उथळ पाणी तोवर तापलेलं असतं.

सोडण्याची पद्धत चालकाला माहीत आहे, पण अर्धीच. बंद पिशव्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवायच्या, हे तो करतो. आतलं आणि बाहेरचं तापमान तीन अंशांहून जास्त वेगळं असताना मासा सोडला तर त्याला झटका बसतो, म्हणून हे आवश्यकच. त्यानंतर पिशव्या उघडून तो निवांत गप्पा मारत बसतो, ते चूक. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी आम्लधर्मी होतं. आम्लधर्मी पाण्यात अमोनियाची विषारी बाजू दबलेली राहते. पिशवी उघडली की हा वायू उडून जातो, सामू (पीएच) वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. उघडल्यानंतर दहा मिनिटांत दोन-तीन वेळा तलावाचं पाणी थोडं थोडं मिसळा, मग पिशवी आडवी करा आणि मासा आपणहून बाहेर पडू द्या. पिशवी उंचावरून उपडी करू नका. आपल्याकडचं पाणी जड आणि विम्लधर्मी असल्याने हा फरक इथे जास्त जाणवतो.

मोजणी वाटीने होते. माल पाण्यासकट न घेता निथळून वाटी भरतात, सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन वाट्या प्रत्यक्ष मोजतात, त्यांची सरासरी गुणिले एकूण वाट्या. पुरवठादार ही मोजणी ग्राहकासमोर करू देतो आणि वाटी निवडायचा हक्कही ग्राहकाला देतो. इतका मोकळेपणा या धंद्यात कमी दिसतो, म्हणून पूर्ण गुण. लबाडी होते ती दोन प्रकारांनी: वाटीत पाणी ठेवायचं, किंवा मोजायची वाटी दाबून आणि बाकीच्या सैल भरायच्या. मोठ्या बोटुकलीसाठी वजनाची पद्धत जास्त भरवशाची. शंभर नग तोला. 80 ते 100 मिलिमीटरचा माल असेल तर नगामागे साधारण सहा ते दहा ग्रॅम भरतात. चारच ग्रॅम भरले, तर माप सांगितल्यापेक्षा लहान आहे किंवा मासा खंगलेला आहे.

आता दोष. ठरलेलं प्रमाण होतं कटला चार, रोहू तीन, मृगळ तीन. कटला वरच्या थरात प्राणिप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणून हे प्रमाण तलावाचा प्रत्येक थर वापरतं. काठावर तपासलेल्या नमुन्यात मृगळ निम्म्याच्या वर निघाला. मृगळाचं बीज सहज तयार होतं आणि कटल्याची मागणी जास्त, त्यामुळे ही अदलाबदल होते. ओळखणं अवघड नाही: कटल्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, तोंड वर वळलेलं, शेपटीच्या मुळाशी डाग नाही. मृगळ सडपातळ आणि चंदेरी, शेपटीच्या मुळाशी चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखा गडद ठिपका. रोहूचा खालचा ओठ झालरीसारखा आणि पर लालसर. पांढऱ्या घमेल्यात पन्नास नग घ्या, तीन ढीग करा, पाच मिनिटांत कळतं. दोन्हींच्या मधले वाटणारे नग जास्त दिसले, तर बीज केंद्रात जाती एकत्र प्रजननाला सोडल्या आहेत असं समजा. असा संकर कोणत्याही थराचा धड राहत नाही.

दुसरी खबरदारी: कटला कमी पडला की त्याऐवजी सिल्व्हर कार्प घ्या, असा आग्रह होतो. ठाम नकार द्या. दोघांचा थर एकच आणि खाद्यासाठीही स्पर्धा. हिमाचलच्या गोविंदसागरात सिल्व्हर कार्प शिरल्यावर कटला मागे पडला, हा धडा पुरेसा आहे. घमेल्यात मिशाळ काळपट पिल्लू दिसलं तर पूर्ण खेप थांबवा. आफ्रिकन मांगूर देशात बंदी असलेला मासा आहे आणि एकदा पाण्यात गेला की परत काढता येत नाही. अंगावर काटेरी चिलखत असलेला सकर मासा उजनीच्या जाळ्यांत सापडू लागलाच आहे, आणखी एका तलावात तो पोचवायचं पाप आपल्या हातून नको. अंगावर चपट्या उवा, झिजलेले पर, लाल डाग दिसले तरी खेप नाकारा. निरोगी दिसणाऱ्या मालालाही दहा लिटर पाण्यात 200 ग्रॅम जाडं मीठ विरघळवून एक-दोन मिनिटं बुडवून काढणं चांगलं. मासा उलटापालटा होऊ लागला की लगेच बाहेर काढा.

खरी तक्रार मात्र हंगामाची. पुरवठादार जुलै-ऑगस्टमध्येच माल घ्या म्हणून मागे लागतो, कारण त्याची तळी पुढच्या खेपेसाठी रिकामी व्हायला हवीत. पण सोलापूरचा सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरचा. तलाव भरून सांडवा वाहतो तो तेव्हा, आणि जुलैत सोडलेलं लहान बीज पाण्याबरोबर ओढ्यात जातं. सांडव्याला जाळी लावून थोडं अडवता येतं, पण कचरा अडकून पाणी तुंबलं तर भरावाला धोका. म्हणून सांडवा थांबल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोठी बोटुकली घ्यावी. तेव्हा ती देतो का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या.

मागणी किती नोंदवायची तेही सांगतो. क्षेत्र मोजताना पूर्ण भरलेल्या तलावाचं धरू नका, वर्षभराचा सरासरी जलपसारा धरा. आपले तलाव मे महिन्यात कुठे जातात ते सगळ्यांना माहीत आहे. सरासरी 80 हेक्टर पाणी राहणाऱ्या लहान तलावाला हेक्टरी 500 धरले तरी 40 हजार बोटुकली पुरे. दुप्पट टाकल्याने मासा दुप्पट होत नाही, खाद्य अपुरं पडून सगळेच किरकोळ राहतात. चिलापी (तिलापिया) आधीच गच्च असेल तर आधी ती काढा, मग कटल्याला जागा होते.

पुरवठादाराच्या पत्रकात ‘नदी संचयना’चीही जाहिरात आहे, भीमा आणि सीनेसाठी. ती मात्र घेऊ नये. कारण तलाव आणि नदी यांची गरज वेगळी. कटला, रोहू, मृगळ थांबलेल्या पाण्यात वितच नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं; म्हणून तलावाला दरवर्षी बीज लागतंच. नदीत मुळात जे मासे आहेत त्यांना विण्यासाठी मोकळीक हवी. शिवाय हे तिन्ही मासे गंगेच्या खोऱ्यातले, भीमेचे नव्हेत. भीमेच्या खोऱ्यातला राजा म्हणजे महाशीर. दख्खनच्या महाशीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्सने 1839 मध्ये केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. लोणावळ्यात इंद्रायणीच्या उगमाकडे टाटा पॉवरच्या केंद्रात त्याचं प्रजनन अनेक दशकं चालू आहे. त्याचं बीज या पुरवठादाराकडे नाही, आणि बाजारू हेतूने असूही नये.

नदीत वाढवलेले मासे सोडावेत का, हा प्रश्न परदेशात साल्मन आणि ट्राउटच्या नद्या सांभाळणाऱ्यांनी फार आधी सोडवायला घेतला. (आपल्याकडे ‘इंडियन साल्मन’ म्हणून विकतात तो रावस, त्याचा साल्मनशी संबंध नाही.) अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात जीवशास्त्रज्ञ डिक व्हिन्सेंट यांनी मॅडिसन नदीत अभ्यास केला, तेव्हा बीज केंद्रात वाढवलेले ट्राउट सोडणं थांबवल्यावर नदीतले जंगली ट्राउट वाढल्याचं दिसलं. 1974 मध्ये त्या राज्याने नद्यांत ट्राउट सोडणं बंद केलं आणि अधिवास व पकडीच्या नियमांवर भर दिला. ओरेगॉनच्या हूड नदीतल्या स्टीलहेड ट्राउटवरचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रात वाढलेल्या माशांची निसर्गात प्रजननाची क्षमता बंदिस्त पिढीगणिक सुमारे 40 टक्क्यांनी घटते, असं त्यात आढळलं. निवड-प्रजननाचा फायदा बंदिस्त पाण्यात आहेच. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने, साल्मनवर यशस्वी झालेल्या पद्धतीने घडवलेला जयंती रोहू शेततळ्यात झपाट्याने वाढतो. पण तो शेततळ्यासाठी आहे, सीनेत सोडण्यासाठी नव्हे.

नदीसाठी पैसे असतीलच तर ते राखणीवर घाला. पावसाळ्याचे पहिले दोन महिने डोह आणि ओढ्यांची तोंडं मोकळी ठेवणं, बारीक आसाचं (भोकांचं) वडाप जाळं पाण्यात येऊ न देणं, चार इंचांहून लहान आसाचं जाळं कटल्या-रोहूसाठी न वापरणं. बोटुकली सोडलेल्या तलावातही वर्षभर हेच लागू. वडाप चालू असेल तर ऑक्टोबरला सोडलेला मासा डिसेंबरला सुकटीच्या भावाने विकला जातो.

सेवा घ्यायची ठरली तर करारात एक अट नक्की घाला. पोचलेल्या मालातले दोनशे नग दोन मीटर लांब, एक मीटर रुंद हाप्यात (पाण्यात लावलेल्या बारीक जाळीच्या पेटीत), मीटरभर खोल पाण्यात 24 तास ठेवायचे आणि मेलेले मोजायचे. मर पाच टक्क्यांवर गेली तर तेवढा माल पुढच्या खेपेत फुकट. पुरवठादार सुरुवातीला कुरकुर करतो, पण कबूल होतो. शेवटचा हप्ता या मोजणीनंतरच द्या.