पॉन्डलेस धबधबा: खाली दगडांचा खड्डा करावा की टाकी पुरावी?

मागच्या अंगणात धबधबा हवा पण उघडं तळं नको, एवढं ठरवून तुम्ही इथवर आला असाल तर आता खरा प्रश्न जमिनीखालचा आहे. धबधब्यातून पडलेलं पाणी, जे पंप पुन्हा वर चढवतो, ते साठणार कशात? एक तर खड्डा खणून त्यात लायनर, म्हणजे पाणी न झिरपणारा कागद, अंथरायचा आणि दगडगोट्यांनी भरून टाकायचा, नाहीतर सरळ प्लास्टिकची टाकी पुरून वर जाळी आणि जाळीवर गोटे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आमच्याकडे साताऱ्यात दीड फूट रुंद, चार फूट उंच धबधबा आहे, अडीच वर्षं खड्ड्यावर चालला आणि आता टाकीवर त्याचा तिसरा उन्हाळा. धबधबा तोच, पंप तोच, वरचे दगडही तेच, फक्त पोट बदललं, म्हणून तुलना करायची हिंमत करतोय. तुमची माती वेगळी, पाणी वेगळं, तेव्हा थोडं कमीजास्त धरा.

खड्डा स्वस्त पडतो, हे आधीच कबूल. टाकीचं काम मला जवळपास दीडपट पडलं. शिवाय खड्डा कुठल्याही आकाराचा करता येतो, आमच्या पेरूची मुळं मध्ये आली तर गवंडी मामांनी खड्डाच वाकवला, टाकीला असं कोण सांगणार. लायनर म्हणून आपल्याकडे बरेच जण शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद वापरतात, चालतो, पण तो ताठ असतो, लहान खड्ड्याच्या कोपऱ्यात नीट बसत नाही आणि घडीवर ताण येतो. रबरी ईपीडीएम महाग आहे पण अंगाला कापड बसावं तसा बसतो. खाली आम्ही जुने फ्लेक्स दोन पदरी अंथरले होते, खडे टोचू नयेत म्हणून.

पाण्याचा हिशोब मात्र खड्ड्यात फसवा असतो. आमचा खड्डा ४ बाय ४ बाय अडीच फूट, म्हणजे ११०० लिटरच्या वर, ऐकायला भरपूर. पण दगड भरले की मधल्या फटीत राहतं ते ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हातात आले साडेचारशे लिटर. धबधब्याच्या दर इंच रुंदीला ताशी ४०० लिटर धरले तर १८ इंचाला ७ हजार लिटर ताशी, म्हणजे मिनिटाला सव्वाशेच्या जवळ. त्यातलं बरंचसं पाणी सतत वर, दगडांवर, पाईपात असतं. मे महिन्यात दोन दिवस पाणी घालायचं राहिलं की पंप हवा ओढायला लागायचा, तो घरघर आवाज लांबूनही कळतो. टाकी ७५० लिटरची म्हणजे तळातले चार बोटं सोडली तर जवळपास सगळंच पाणी हातात. टोमॅटोचे क्रेट उलटे घालून खड्ड्यात पाणी वाढवतात तेही मी पाहिलंय, चांगली युक्ती आहे, पण माझी अडचण त्याने सुटली नसती.

माझी अडचण म्हणजे गाळ.

पहिल्या वेळी आम्ही पंप सरळ दगडांत पुरला. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, तीन-चार महिन्यांत पंपाच्या पात्यांवर पांढरा थर येतो आणि धार बारीक होते, मग पंप काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवावा लागतो. तो काढायला अर्धा खड्डा उपसला. तेव्हा शहाणपण आलं आणि भोकं पाडलेला ड्रम उभा पुरून पंप त्यात सोडला, वर झाकण. खड्डाच करणार असाल तर हा ड्रम पहिल्या दिवसापासून हवाच, त्याने पंपाचा त्रास खरंच मिटतो. पण पेरूची पानं, फुलं, पावसात बाजूच्या वाफ्यातली माती, हे सगळं दगडांच्या फटीतून खाली जाऊन बसतं आणि तिथे हात पोचत नाही. पहिलं वर्ष काही कळलं नाही. दगडांवर जिवाणू वाढतात आणि पाणी साफ ठेवतात म्हणतात, ते खरंही आहे, पाणी नितळच दिसायचं. दुसऱ्या वर्षी गणपतीत पाहुणे आलेले, आम्ही चार दिवस पंप बंद ठेवला होता आणि मग चालू केला तर असा कुजका वास आला की आईने खिडक्या लावून घेतल्या. दोन माणसं लावून सगळे दगड काढले, घमेल्यांनी मोजत गेलो तर शंभराच्या पुढे गेलं, तळाला वीतभर काळा चिखल. दगड धुवायला अख्खा दिवस, परत रचायला दुसरा. आणि रचताना डोक्यात हेच की दोन वर्षांनी पुन्हा हेच करायचंय. पुन्हा भरला, पण त्याच हिवाळ्यात घुशीने लायनर कुरतडला, पाणी रोज उतरायचं आणि दगडांखाली भोक शोधणार कसं? तेव्हा टाकी आणली.

आता साफसफाई म्हणजे जाळीवरचे गोटे बाजूला, जाळी उचलायची, पंप वर, टाकीत उतरून घासायचं. घरची पाण्याची टाकी धुतो तसंच. दिवाळीआधी एकदा आणि मेमध्ये एकदा, दोन तासांत हात धुऊन मोकळा. जाळीखाली स्टीलची बारीक जाळी लावलीय, पानं तिथेच अडकतात आणि डासही सहजी आत जात नाहीत. बाहेरगावी जाताना पंप बंद राहणार असेल तर हे महत्त्वाचं आहे, कारण डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात आणि दगडांच्या फटी त्याला अडवत नाहीत.

टाकीचे दोष लपवत नाही. पहिला आवाज. पोकळ टाकीत पाणी पडतं तेव्हा नळाखाली बादली भरल्यासारखं वाजतं, पहिल्या संध्याकाळी आई म्हणाली, "अरे नळ चालू राहिलाय का बघ." जाळीवर गोट्यांचा थर सहा इंच केला आणि टाकी भरलेली ठेवली तेव्हा तो गेला, तरी खड्ड्याचा आवाज जास्त मऊ होता हे मान्य. दुसरं, गच्चीवरची साधी टाकी आणून पुरू नका, मातीच्या दाबाने ती पोटात जाते, जमिनीखालची जाड बरगड्यांची टाकी वेगळी मिळते तीच घ्या. खाली वाळूचा थर, आणि बाजूने माती भरताना आत पाणीही तेवढंच भरत जायचं म्हणजे ती चेपत नाही. काळी माती असेल तर जास्तच जपा, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, आम्ही भोवती मुरूम आणि वाळूच भरली. तुमची काळी माती खोलवर असेल तर मला वाटतं खड्डा जास्त सोसेल, लायनर मातीबरोबर हलतो.

तिसरा दोष पावसाळ्यातला. मुरमात खणलेला खड्डा वाडग्यासारखा भरतो आणि टाकी रिकामी असली तर भोवतीचं पाणी तिला वर उचलतं, ७५० लिटरच्या टाकीवर हा जोर सातशे किलोच्या आसपास जातो. म्हणून जून ते सप्टेंबर टाकी धुवायची नाही, भरलेलीच ठेवायची. माझं मेमध्ये आणि दिवाळीआधी धुणं त्यामुळेच ठरलंय.

ज्यांच्याकडे झाड नाही, वाफा लांब आहे, धबधबा फूट-दीड फूट उंचीचा आहे, त्यांनी ड्रम घालून खड्डा केला तर मी नाही म्हणणार नाही. झाडाखाली करणार असाल तर मात्र पैसे साठवा, एक हिवाळा थांबा आणि टाकीच पुरा.

पंपाच्या लाईनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, खड्डा असो की टाकी, लागतोच. टाकीसाठी आणखी एक गोष्ट, काठाच्या दोन इंच खाली ओव्हरफ्लोचा पाईप काढून बागेत सोडा, पावसाचं जास्तीचं पाणी तिथून जातं. हे भोक टाकी जमिनीवर असतानाच पाडून घ्या, पुरल्यावर बाहेरून हात जात नाही, मला पुन्हा एक बाजू उकरावी लागली होती.