आठवड्याचं पेन की रोजची गोळी?
टाइप २ मधुमेहासाठी सेमाग्लुटाइड हे औषध दोन रूपांत मिळतं: आठवड्याचं इंजेक्शनचं पेन आणि रोजची गोळी. सुई नको म्हणून गोळी सोपी वाटते. पण ती सकाळी उपाशीपोटी, जास्तीत जास्त १२० मिलिलिटर पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही! डोळे उघडताच चहा लागणाऱ्यांना पेनच बरं, असं माझं मत.

पेन आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली. सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने, चार आठवड्यांनी वाढ. वार चुकला तर ५ दिवसांच्या आत घ्या, नंतर तो डोस सोडाच. दुप्पट कधीच नको. न वापरलेलं पेन फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

मळमळ दोन्हींत होते. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी गोळी) असेल तर साखर घसरू शकते, डॉक्टरांना आधीच सांगा.